एव्हरेस्ट किती वाव?

एव्हरेस्ट उचलून मरियाना गर्तेत ठेवला, तर त्याच्या माथ्यावर दोन किलोमीटर पाणी उरेल, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. वाक्य खरं आहे. पण ते खरं असल्याचं माणसाला कळून फार काळ लोटलेला नाही. १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर झालं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तेवढं खोल पाणी जगातल्या कुठल्याच समुद्रात कुणाला खात्रीनं सापडलं नव्हतं. डोंगराची उंची जास्त की समुद्राची खोली, असं त्या काळात कुणी विचारलं असतं, तर मोजणीची वही उघडून ‘डोंगराची’ असंच सांगावं लागलं असतं. १८९५ मध्ये ‘पेंग्विन’ नावाच्या ब्रिटिश सर्वेक्षण-जहाजानं न्यूझीलंडच्या ईशान्येला, केर्माडेक बेटांच्या बाजूला, ५,१५५ वाव पाणी मोजलं आणि तेव्हा कुठे समुद्र पुढे गेला.

वाव हे माप मला घरातलं. दोन्ही हात फैलावले की एक वाव, साधारण सहा फूट. आमच्याकडे डोल किती वावांवर लावायची, कुठल्या महिन्यात किती वाव पाण्यात पापलेट मिळतं, हे बोलणं जेवताना व्हायचं. पुढे बंदराच्या हायड्रोग्राफी विभागात नोकरीला लागलो, तेव्हा ब्रिटिशांच्या जुन्या चार्टवरचे आकडे वाचायला मला वेगळं शिकावं लागलं नाही. त्यांचा फॅदम आणि आमचा वाव एकच. त्या मापात एव्हरेस्ट ४,८३३ वाव भरतो. ही तुलना मी माझ्यापुरती पहिल्यांदा मांडली ती अशी, फुटांत किंवा मीटरांत नव्हे. म्हणून या लेखातही वावच वापरणार आहे.

उंची आणि खोली सारखीच असावी, असं माणसाला फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. प्लुटार्कनं लिहून ठेवलंय, की भूमितीच्या जाणकारांच्या मते कुठलाही डोंगर दहा स्टेडियांपेक्षा उंच नाही आणि कुठलाही समुद्र दहा स्टेडियांपेक्षा खोल नाही. दहा स्टेडिया म्हणजे दोन किलोमीटरलाही थोडं कमीच. वरचा आकडा कुणीतरी ऑलिंपसच्या पायथ्याशी उभं राहून खरोखर मोजलेला होता. खालचा नुसता वरच्यावरून घेतलेला होता. अठराव्या शतकात इटालियन मार्सिली यांनी भूमध्य समुद्राचा पहिला शास्त्रीय म्हणावा असा ग्रंथ लिहिला. किनाऱ्यालगत त्यांनी स्वतः पाणी मोजलं, पण दोरी पुरेनाशी झाली तिथून पुढे शेजारच्या डोंगरांची उंची हाच आधार धरला. आपल्याकडे मैनाकाची कथा आहे. इंद्र पर्वतांचे पंख छाटत सुटला तेव्हा मैनाक समुद्रात जाऊन लपला आणि हनुमान लंकेकडे झेपावला तेव्हा त्याला विसावा द्यायला पाण्यातून वर आला. डोंगर पाण्याखालीही असू शकतो, आणि तो अख्खा बुडवण्याइतकं पाणी समुद्रात असतं, हे या कथेत अगदी सहज गृहीत धरलेलं आहे. मला ती कल्पना प्लुटार्कच्या जाणकारांपेक्षा मोठी वाटते.

खलाशांचाही एक आडाखा होता. विल्यम डँपियर हा सतराव्या शतकातला दर्यावर्दी. त्यानं नोंदवून ठेवलं, की किनारा उंच आणि कड्याचा असेल तर लगतचं पाणी खोल असतं, आणि सपाट असेल तर उथळ. जगात पुष्कळ ठिकाणी हे जुळतं. मात्र या आडाख्यावर विसंबून कोकणात कुणी नांगर टाकायला जाऊ नये. मागे सह्याद्री हजार-दीड हजार मीटर उभा आहे, कळसूबाई १,६४६ मीटर. आणि समोर? मुंबईपासून पश्चिमेला १६० किलोमीटर गेलं, तरी बॉम्बे हायच्या आसपास पाणी साधारण ७५ मीटरच. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’नं तिथं तेल शोधलं ते समुद्र इतका उथळ होता म्हणूनच. तळाची खरी उतरंड लागायला मुंबईसमोर तीनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. केरळकडे हे अंतर कमी होत जातं.

डोंगर आधी मोजून झाला, कारण तो दिसतो. एवढं साधं कारण आहे आणि त्याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही. दिसणाऱ्या वस्तूचा कोन धरता येतो, कोन धरला की अंतर आणि उंची निघते. विल्यम लॅम्बटननं १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासला पायारेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत राहिला. त्याचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. तो माणसांच्या खांद्यावरून डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवला जाई. हे काम करताकरताच लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, आणि त्याची कबर तिथंच आहे. एव्हरेस्टबद्दल मराठीत इतकं लिहिलं जातं, पण ज्या मोजणीतून तो सापडला तिचा आरंभ करणारा माणूस विदर्भाच्या मातीत आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. ते शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आला आणि त्याच्यानंतर अँड्र्यू वॉ. नेपाळची सीमा बंद होती, म्हणून १८४९-५० मध्ये तराईतल्या सहा ठाण्यांवरून, शंभर मैलांहून जास्त अंतरावरून, ‘शिखर पंधरा’चे, म्हणजे पुढे एव्हरेस्ट म्हटल्या गेलेल्या शिखराचे, कोन घेतले गेले. तराईतल्या तापानं या कामावरची कितीतरी माणसं गेली. खलाशी, निशाणवाले, हमाल. त्यांची नावं कुठे नाहीत. कलकत्त्याला मुख्य गणक राधानाथ शिकदार आणि त्यांच्या हाताखालची मंडळी आकडेमोड करत होती. खरी कटकट होती प्रकाशाची. शंभर मैलांच्या हवेतून येताना किरण वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच दिसतं. किती वाकतो, हे दिवसाच्या वेळेवर आणि तापमानावर ठरतं. ती दुरुस्ती करायला अनेक वर्षं लागली. पण शेवटी आलेला आकडा आजच्या आकड्यापासून तीस फुटांच्याही आत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, शिखराच्या जवळपासही न जाता, उंचीत हजारात एका भागाइतकी चूक! या कामापुढे मी आजही नमतो.

आता त्याच वर्षांत समुद्रावर काय चाललं होतं ते पाहू.

दोरीनं पाणी मोजणं मी स्वतः पाहिलं आणि केलंही आहे. आमच्या लाँचवर इको साउंडर होता, तरी धक्क्यालगत आणि बार्जच्या वाटेवर तांडेल लीड टाकायचाच. मुंबईच्या बंदरात तळाशी पातळ चिखलाचा थर असतो. यंत्राचा आवाज त्या थरावरूनच परत फिरतो आणि कागदावर पाणी आहे त्याहून कमी दिसतं. लीड म्हणजे पाच-सहा किलोचं लांबट शिशाचं वजन, त्याच्या बुडाशी वाटीसारखी खोलगट जागा. जुन्या काळी तिच्यात चरबी भरत, आम्ही ग्रीस भरायचो. तांडेल पुढच्या बाजूला कठड्याला टेकून उभा राही, दोरी दोनदा झुलवून वजन लाँचच्या पुढे फेकी. लाँच पुढे सरकून दोरी बरोबर त्याच्या पायाखाली उभी ताठ येते, नेमक्या त्या क्षणी वजन तळाला टेकलेलं पाहिजे. एक वीतभर आधी किंवा नंतर झालं तर आकडा खोटा. वजन वर आलं की तो आधी बूड पाही. ग्रीसला रेव चिकटली, शिंपल्याचा चुरा चिकटला, का नुसताच काळा गाळ. खडक असला तर काहीच चिकटत नाही, शिशावर खाच पडते. आकडा ओरडून सांगताना तो तळही सांगायचा, “साडेचार, रेव!” आणि चार्टवर दोन्ही जायचं. जुन्या दोऱ्यांवर दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल लोकरी, दहावर भोक पाडलेलं चामडं अशा खुणा असत. कापडांचा पोत वेगवेगळा, कारण रात्री खूण डोळ्यांनी नाही, बोटांनी नाहीतर ओठांनी ओळखायची.

वीस वाव पाण्यापर्यंत ही पद्धत बिनचूक आहे. चार हजार वावांना ती पूर्ण कोसळते. खाली गेलेल्या दोरीचंच वजन इतकं होतं, की वजन तळाला टेकल्याचा झटका हाताला कळत नाही. टेकल्यावरही दोरी आपल्या भारानं सुटत राहते आणि प्रवाह तिला पोटातून फुगवत नेतो. दोरी संपेपर्यंत समुद्र खोलच आहे असं वाटतं. ३ जानेवारी १८४० रोजी जेम्स क्लार्क रॉसनं दक्षिण अटलांटिकमध्ये, वारा पडलेला असताना, होडीतून ७६ पौंडांचं वजन सोडलं आणि २,४२५ वावांवर तळ नोंदवला. खऱ्या अर्थानं खोल समुद्राची ही पहिली मोजणी. आकडा हाती येताच रॉसच्या मनात आलं ते हे, की माँ ब्लां समुद्रसपाटीच्या जेवढा वर, जवळजवळ तेवढाच तळ खाली. डोंगर हीच त्याची मोजपट्टी होती. दुसरी कुठली असणार?

पुढच्या बारा-पंधरा वर्षांत समुद्रावरून भलतेच आकडे येऊ लागले. १८५२ मध्ये ‘हेराल्ड’ जहाजावरून डेनहॅमनं ७,७०६ वाव जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकन ‘काँग्रेस’वरच्या पार्करनं ८,३०० वाव दोरी सोडली आणि तळ लागला नाही म्हणून कळवलं. म्हणजे जवळजवळ पन्नास हजार फूट. दोघेही दक्षिण अटलांटिकमध्ये होते आणि तिथं इतकं पाणी नाहीच. ही माणसं लबाड नव्हती, आपापल्या परीनं कसून काम करत होती. पण या आकड्यांनी लोकांच्या कल्पनेत समुद्र एव्हरेस्टच्या कितीतरी पुढे गेला होता, तोही चुकीच्या कारणानं. जाणकार मात्र सावध झाले. अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरीनं दोरीचा प्रत्येक टप्पा किती वेळात सुटतो त्याची वेळ लावायला सुरुवात केली. वजन टेकलं की सुटण्याचा वेग एकदम मंदावतो, तो क्षण धरायचा. त्याच्याच हाताखालच्या जॉन ब्रूकनं तोफेचा गोळा तळाला टेकताच आपोआप सुटून पडेल आणि नळीत चिमूटभर गाळ घेऊन दोरी हलकी होऊन वर येईल, अशी योजना केली. गाळ वर आला म्हणजे तळ लागला, याला वाद नाही. चरबीच्या वाटीचंच ते सुधारलेलं रूप.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटते ती मोजणी दोरीशिवायची आहे. २३ डिसेंबर १८५४ रोजी जपानच्या शिमोडा बंदरात भूकंपाची लाट आली, गाव उद्ध्वस्त झालं, तिथं आलेली ‘डायाना’ ही रशियन युद्धनौका निकामी झाली. अर्ध्या दिवसानंतर सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन डिएगोच्या भरतीमापकांच्या कागदावर पेन्सिलीची रेघ थरथरली. अमेरिकन किनारा सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर बाख यांनी अंतर आणि वेळ यांवरून लाटेचा वेग काढला. पाणी जितकं खोल तितकी अशी लाट वेगानं धावते, आणि या दोन गोष्टींचं गणित आधीच माहीत होतं. चार हजार मीटर पाण्यात ती तासाला सातशे किलोमीटर जाते. त्यावरून त्यांनी प्रशांत महासागराची सरासरी खोली दोन ते अडीच हजार वाव काढली. आजचा आकडा त्याच पट्ट्यात बसतो. अख्ख्या महासागराची खोली धक्क्यावरच्या कागदावरून निघाली! भरतीमापकाचे कागद हाताळलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते शब्दांत नीट मांडता येत नाही.

समुद्राचा तळ खऱ्या पैशाच्या हिशेबात आला तो तारायंत्रामुळे. तार टाकायची तर उतार, खडक, खोली सगळं आधी माहीत हवं. १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचं सर्वांत मोठं जहाज मुंबईहून एडनकडे तार सोडत निघालं, तेव्हा मुंबईकरांचा अरबी समुद्राच्या तळाशी पहिल्यांदा कामाचा संबंध आला. दोनच वर्षांनी विल्यम थॉमसन यांनी हेंपच्या जाड दोरीऐवजी पियानोची पोलादी तार वापरून दाखवली. ती बारीक असल्यामुळे प्रवाह तिला ओढत नाही, म्हणून ती सरळ उतरते.

तरीही ‘चॅलेंजर’ ही समुद्रसंशोधनाची नौका १८७२ च्या डिसेंबरात पोर्टस्मथहून निघाली ती हेंपची दोरी घेऊनच. साडेतीन वर्षांत तिनं सुमारे पाचशे ठिकाणी खोल पाणी मोजलं. एकेका मोजणीला काही तास जहाज जागच्या जागी धरून ठेवायचं. २३ मार्च १८७५ रोजी मरियाना बेटांच्या दक्षिणेला ४,४७५ वाव लागले. ही तिची सर्वांत खोल मोजणी. त्याआधी, १८७४ मध्ये, अमेरिकन ‘टस्करोरा’नं पियानोच्या तारेनं कुरील बेटांजवळ ४,६५५ वाव मोजले होते. आता माझ्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. एव्हरेस्ट ४,८३३. चॅलेंजर तीनशे अठ्ठावन्न वाव मागे, टस्करोरा एकशे अठ्ठ्याहत्तर. दोन्ही आकडे पक्के, तळाच्या गाळासकट. म्हणजे त्या घडीला ज्याच्यावर विश्वास ठेवावा असं जे काही हाती होतं, त्यात हिमालय समुद्राहून मोठा होता. मग १८९५ मध्ये पेंग्विनचे ५,१५५. १८९९ मध्ये तारेच्या मार्गाची पाहणी करणाऱ्या अमेरिकन ‘नीरो’नं गुआमजवळ ५,२६९ वाव मोजले. त्यानंतर शिखराला पुन्हा पुढे जाता आलं नाही.

पण टोकाशी टोक लावण्याची ही शर्यत जेवढी रंजक, तेवढं तिच्यातून कमी कळतं. चॅलेंजरवरचे निसर्गतज्ज्ञ जॉन मरे यांनी १८८८ मध्ये जमिनीची उंची आणि महासागराची खोली याच विषयावर निबंध लिहिला. त्यांनी शिखरं आणि गर्ता बाजूला ठेवल्या, आणि जगाच्या नकाशावर कुठल्या उंचीची किती जमीन आणि कुठल्या खोलीचं किती पाणी, ते क्षेत्रफळ मोजलं. जमिनीची सरासरी उंची २,२५० फूट आली, समुद्राची सरासरी खोली २,०८० वाव, म्हणजे १२,४८० फूट. साडेपाच पट! आज हे आकडे थोडे बदलले आहेत, जमीन साधारण ८४० मीटर आणि समुद्र साधारण ३,७०० मीटर, पण चित्र तेच आहे. महत्त्वाचं हे, की पृथ्वीचा पृष्ठभाग उंच-सखल असा सगळीकडे सारखा विखुरलेला नाही. तो दोन मजल्यांवर आहे. एक मजला समुद्रसपाटीच्या जरासा वर, दुसरा चार-पाच हजार मीटर खाली, आणि मधल्या उतारावर फार थोडी जागा.

असं का असावं? जमीन नुसतीच वरखाली होऊन डोंगर आणि दऱ्या बनल्या असत्या, तर मधल्या उंचीचा भाग सर्वांत जास्त असायला हवा होता. आल्फ्रेड वेगेनरनं १९१५ च्या आपल्या पुस्तकात खंडं सरकतात असं मांडलं, तेव्हा या दोन मजल्यांचा पुरावा पुढे केला. खंडांचा दगड वेगळा, हलका. समुद्रतळाचा वेगळा, जड. म्हणून दोन पातळ्या. त्या वेळी त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. आज हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. डोंगर आणि समुद्र यांची तुलना करून माणसाच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट ती हीच, असं माझं मत आहे. एव्हरेस्ट बुडवून दाखवणारं चित्र प्रत्येक पुस्तकात असतं. मरेंचा तो आलेख त्याच्या शेजारी असायला हवा.

तुलना करायची तर शून्य कुठलं, हेही सांगितलं पाहिजे. इथं माझा धंदा येतो. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे. त्या जातीच्या यंत्रात समुद्राशी खालून जोडलेली विहीर असते. तिच्यात तरंगणारा पत्र्याचा डबा, त्याची तार चाकावरून जाते आणि घड्याळाच्या गतीनं फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर पेन्सिल रेघ काढते. उधाणाला रेघ उंच झेप घेते, भांगाला कुशीत राहते. वर्षानुवर्षांच्या अशा रेघांची सरासरी काढली की समुद्राची मध्यम पातळी मिळते. १९०९ साली देशाचं लेव्हलिंगचं जाळं ठरवताना कराची, अपोलो बंदर, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट अशी नऊ भरतीकेंद्रं शून्य धरली गेली. पुढची कित्येक दशकं देशातल्या स्टेशनच्या पाटीवरची, धरणाच्या भिंतीवरची, गडाच्या माथ्यावरची अधिकृत उंची या रेघांपासून मोजली गेली.

चार्टवरच्या खोलीचं शून्य मात्र हे नव्हे. जहाजाच्या कप्तानाला सरासरी पाणी कळून उपयोग नाही. त्याला कमीत कमी किती पाणी मिळेल ते कळायला हवं. म्हणून चार्टचं शून्य मोठ्या उधाणाच्या सुकतीला धरतात. मुंबईत ते मध्यम पातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली येतं. लाँचवरून मोजलेल्या प्रत्येक आकड्यातून त्या मिनिटाची भरती वजा करायची, हे आमचं रोजचं काम. टाइड पोलजवळ एक माणूस दर दहा मिनिटांनी वाचन घेत उन्हात बसलेला असे. त्याचं एक वाचन चुकलं तर दिवसाचं सगळं काम चुकलं. एव्हरेस्ट आणि मरियाना शेजारी ठेवताना अडीच मीटर कुणाच्या खिजगणतीत नसतात. पण भरलेलं जहाज धक्क्याला आणताना तळाखाली अर्धा मीटरच पाणी उरत असेल, तेव्हा त्याच अडीच मीटरांवर सगळं अवलंबून असतं.

दोरीचं युग आवाजानं संपवलं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो. जर्मन ‘मेटिऑर’नं १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ६७,००० हून जास्त ठिकाणी प्रतिध्वनीनं खोली मोजली. चॅलेंजरच्या पाचशेंपुढे हा आकडा ठेवून पाहा. मग समुद्रातले डोंगर दिसायला लागले. मारी थार्प आणि ब्रूस हेझन यांनी या मोजण्यांवरून महासागरांचे तळ रेखाटले. हिंदी महासागराचा त्यांचा नकाशा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो रंगवला ऑस्ट्रियाच्या हाइनरिख बेरान यांनी, ज्यांचं आयुष्य आल्प्सच्या डोंगररांगा रंगवण्यात गेलं होतं. या नकाशाला माहिती पुरवणारी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६० ते १९६५ चालली. तिच्यात आपली ‘कृष्णा’ ही नौका होती आणि त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे लक्ष्मी खोऱ्यात पाण्याखाली डोंगर आहेत. त्यांना रामन, पणिक्कर आणि वाडिया ही नावं आहेत. कोकणातल्या किती मुलांना ती माहीत आहेत?

आवाजही दोरीसारखा फसतो, फक्त थोडा. पाण्याचं तापमान, खारेपणा आणि दाब बदलला की त्याचा वेग बदलतो, आणि अकरा किलोमीटर जाऊन परत यायला त्याला चौदा-पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात लहानशी चूक मोठी होते. १९५७ मध्ये रशियन ‘वित्याझ’नं मरियाना गर्तेत ११,०३४ मीटर सांगितले. आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तो आकडा अजून भेटतो. २३ जानेवारी १९६० रोजी जॅक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ या पाणबुडीतून तिथं प्रत्यक्ष तळाला टेकले. त्यांनी दाबावरून आधी ३७,८०० फूट सांगितलं, मग दुरुस्त्या करून ते जवळजवळ दोन हजार फुटांनी कमी केलं. तळाशी जाऊन बसलेल्या माणसांनाही आपण किती खोल आहोत, ते आकडेमोड करूनच कळलं. २०१० च्या मोजणीतून १०,९८४ मीटर निघाले, २५ मीटर इकडेतिकडे. २०२१ मध्ये, पाणबुडीतल्या दाबमापकांवरून, १०,९३५ मीटर प्रसिद्ध झाले, ६ मीटर इकडेतिकडे.

एव्हरेस्टचा आकडा नेपाळ आणि चीननं ८ डिसेंबर २०२० रोजी मिळून जाहीर केला, ८,८४८.८६ मीटर, सेंटीमीटरपर्यंत. शिखरावर उभ्या माणसाच्या हातातल्या यंत्राला उपग्रह थेट दिसतो. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहर फार खोल जातच नाही, आणि आजही जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम पाव भाग बारकाईनं मोजून झाला आहे. हे दोन आकडे पाठ्यपुस्तकात शेजारी छापले जातात तेव्हा दोघांची खात्री सारखीच असल्यासारखं दिसतं. ती सारखी नाही. तळाच्या आकड्यापुढे मोजणीचं साल आणि तो किती मीटर इकडेतिकडे असू शकतो, एवढं दोन्ही छापलं जावं, अशी माझी पुस्तकं करणाऱ्यांना विनंती आहे.